नॅशव्हिलचे उत्तेजनार्थ बक्षीस

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आमचे एक तरुण सहकारी मोबाइलवर बातमी वाचत होते. अमेरिकेतल्या कंट्री म्युझिक असोसिएशन या संस्थेच्या वार्षिक पुरस्कारांची नामांकने जाहीर झाली होती आणि बियॉन्से या गायिकेच्या 'काउबॉय कार्टर' या अल्बमला त्यात एकही नामांकन मिळाले नव्हते. मोठ्या गटात नाही, किरकोळ गटातही नाही. आम्ही काही बोलणार इतक्यात विज्ञानाचे ज्येष्ठ सर डबा उघडता उघडता म्हणाले, "जाऊ द्या हो. गोऱ्यांचे गाणे, गोऱ्यांचे बक्षीस. आपल्याला काय त्याचे?"

घंटा झाली आणि बोलणे तिथेच राहिले. पण सरांच्या वाक्याचा पहिला भाग आमच्या डोक्यातून जाईना. गोऱ्यांचे गाणे! हे सरांना कोणी सांगितले? सरांनी आयुष्यात एकही कंट्री गाणे ऐकलेले नसावे. ते रफीच्या पलीकडे जात नाहीत. तरीही ते गाणे कोणाच्या मालकीचे आहे हे त्यांना पक्के ठाऊक आहे. नॅशव्हिल शहरातली एक संस्था सुमारे साठ वर्षे दरवर्षी दिव्यांच्या झगमगाटात सोहळा करते, टोप्या घातलेले गोरे गायक एकमेकांना काचेची बक्षिसे देतात, आणि पाहता पाहता महाराष्ट्रातल्या एका उर्दू शाळेच्या स्टाफरूममध्येही मालकीचा सातबारा तयार होतो. आमच्या मते या पुरस्काराचे सर्वात मोठे काम हेच आहे. म्हणून सरांना हे लेखी उत्तर.

कंट्री म्युझिक म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून, खेड्यापाड्यांतून वर आलेले गाणे. शेत, कर्ज, दारू, मोडलेला संसार, आईची आठवण आणि देवाचा धावा हे त्याचे विषय. म्हणजे जात्यावरच्या बाईला आणि बैलगाडीवरच्या गड्याला जे परके वाटणार नाही तेच. वाद्ये गिटार, फिडल आणि बँजो. यातला बँजो आला कुठून? पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून ओढून आणलेल्या माणसांनी भोपळ्याच्या तुंब्यावर कातडे ताणून, दांडी आणि तारा बसवून जी वाद्ये केली, त्यांतून तो घडला. आज काउबॉयच्या पोस्टरवर बँजो दिसला की कोणाला आफ्रिका आठवत नाही.

वाद्याचे सोडा, गाण्यांचे पाहा. कंट्री संगीताचे आद्य घराणे म्हणून ज्यांचे नाव घेतात त्या कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांतून गाणी गोळा करत हिंडत असे. त्याच्या बरोबर अनेकदा लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असे. शब्द कार्टर टिपून घेई, चाल रिडल डोक्यात ठेवी. हँक विल्यम्स हा या संगीताचा मोठा मानदंड मानला जातो. अलाबामात पोरवयात त्याला धडे दिले ते रूफस पेन या काळ्या रस्त्यावरच्या वादकाने. ही नावे आम्ही शोधून काढलेली नाहीत. तिथल्याच अभ्यासकांनी लिहून ठेवली आहेत. फक्त सोहळ्याच्या रात्री ती कोणी उच्चारत नाही.

मग फाळणी कुठे झाली? दुकानात झाली. १९२० च्या दशकात ग्रामोफोन कंपन्यांनी दक्षिणेत जाऊन ध्वनिमुद्रणे सुरू केली आणि माल विकण्यासाठी दोन याद्या काढल्या. काळ्या गायकांच्या तबकड्या 'रेस रेकॉर्ड्स' या यादीत, गोऱ्या खेडुतांच्या 'हिलबिली' या यादीत. कित्येकदा गाणे तेच, चाल तीच. पण तबकडीला रंग नसतो, म्हणून कागदावर द्यावा लागला. त्या हिलबिली यादीचेच पुढे कंट्री झाले. आम्ही शिक्षक माणसे आहोत, हजेरीपत्रकाची ताकद आम्हाला कळते. पोर वर्गात बसलेले असते, हात वर करून ओरडत असते, पण पटावर नाव नसेल तर ते गैरहजरच. आधी दोन पट करायचे, आणि शंभर वर्षांनी विचारायचे, आमच्या पटावर तुमचे नाव कुठे आहे?

त्यातूनही एक नाव पटावर होते. डीफोर्ड बेली, जन्म १८९९, माउथऑर्गन वाजवणारा. नॅशव्हिलच्या रेडिओवरचा जो कार्यक्रम 'ग्रँड ओल ऑप्री' म्हणून जगभर गाजला, त्याचा हा सुरुवातीचा लोकप्रिय वादक. आगगाडीची धडधड आणि शिट्टी माउथऑर्गनवर हुबेहूब काढायचा. १९२७ मध्ये निवेदकाने त्या कार्यक्रमाला 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव दिले ते बेलीच्या वादनाच्या निमित्ताने. दौऱ्यावर मात्र सहकलाकार ज्या हॉटेलात उतरत तिथे त्याला खोली मिळत नसे. १९४१ मध्ये गाण्यांच्या हक्कांच्या एका वादात त्याला काढून टाकले. त्यानंतर या माणसाने नॅशव्हिलमध्येच बूट पॉलिशचे दुकान चालवले. १९८२ मध्ये वारला. २००५ मध्ये त्याला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे त्यांच्या सन्मानदालनात, घेतले. मरून तेवीस वर्षे झाल्यावर.

आता पुरस्काराकडे येऊ. असोसिएशन १९५८ मध्ये स्थापन झाली, पहिले पुरस्कार १९६७ मध्ये, आणि १९६८ पासून सोहळा टीव्हीवर दिसू लागला. बक्षिसे कोणी चार जण बंद खोलीत ठरवत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. संस्थेचे काही हजार सभासद आहेत: गायक, गीतकार, वादक, कंपन्यांचे लोक, रेडिओवाले. सगळे धंद्यातले. मतदानाच्या तीन फेऱ्या होतात. पहिल्या दोन फेऱ्यांतून नामांकने ठरतात, तिसरीत विजेता. सर्वात मोठा मान 'एंटरटेनर ऑफ द इयर' या बक्षिसाचा. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. आपल्याकडेही निवडणूक म्हटली की लोक म्हणतात, बाबांनो, मतपेटीने दिलेला कौल आहे, आता काय बोलणार! पण मतदारयादी कोणाची, हा प्रश्न मतपेटीच्या आधीचा आहे.

या मतपेटीतून १९७१ मध्ये चार्ली प्राइड निघाला. मिसिसिपीतल्या स्लेज गावच्या खंडकरी शेतमजुराचा मुलगा. कापूस वेचला, काळ्यांच्या वेगळ्या बेसबॉल लीगमध्ये गोलंदाजी केली, आणि शेवटी गाण्यात आला. १९६६ मध्ये त्याच्या पहिल्या तबकड्या रेडिओ केंद्रांना पाठवल्या तेव्हा कंपनीने त्याचा फोटो पाठवला नाही. आवाज आधी जाऊ द्या, चेहरा मागून. डेट्रॉइटला मोठ्या कार्यक्रमात तो मंचावर आला तेव्हा टाळ्या वाजता वाजता थांबल्या. लोकांना ज्याचे गाणे आवडले होते तो हाच, हे त्यांना समोर पाहून कळले. प्राइडने आपल्या कायमच्या काळवंडलेल्या कातडीवर स्वतःच विनोद केला आणि मग गायला लागला. हा प्रसंग तिकडे फार कौतुकाने सांगतात. प्राइड किती मोकळ्या मनाचा होता म्हणून! आम्हाला तो वाचताना घास उतरत नाही. ज्याला गाण्याआधी आपल्या कातडीची माफी विनोदात गुंडाळून मागावी लागते, त्याच्या मोकळेपणाचे कौतुक ज्यांनी माफी घेतली त्यांनी करायचे?

पण माणूस जिंकला. १९७१ चा 'एंटरटेनर ऑफ द इयर', शिवाय १९७१ आणि १९७२ असा दोनदा सर्वोत्कृष्ट पुरुष गायक. हे उत्तेजनार्थ नव्हते, अव्वल नंबर होता. आमचा आक्षेप त्या बक्षिसावर नाही. त्या बक्षिसाची नंतर पावती कशी झाली, यावर आहे. काळ्या कलाकारांनी दार ठोठावले की पावती काढून दाखवायची: आम्ही चार्ली प्राइडला दिले की! २०२५ च्या सोहळ्यापर्यंत तो सर्वोच्च मान दुसऱ्या कोणा काळ्या कलाकाराला मिळालेला नाही. चोपन्न वर्षे एका पावतीवर दुकान चालते आहे.

प्राइड गेला तोही याच सोहळ्याच्या सावलीत. ११ नोव्हेंबर २०२० रोजी त्याला जीवनगौरव दिला. वय ८६. कोरोनाचा काळ. त्याने मंचावर एका तरुण काळ्या गायकाबरोबर आपले जुने गाणे गायले. १२ डिसेंबरला कोरोनामुळेच तो वारला. लागण कुठे झाली हा वाद आम्ही उकरत नाही, त्याचा पुरावा आमच्यापाशी नाही. एवढेच म्हणतो की आमच्या समाजातल्या बुजुर्गांनाही शाल आणि नारळ याच वयात मिळतात.

उत्तेजनार्थ हा शब्द आम्ही वापरला, त्याचा किस्सा सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या मराठी वक्तृत्व स्पर्धेला आम्ही आमच्या शाळेची नववीतली एक मुलगी घेऊन गेलो. विषय सावित्रीबाई. मुलीने फातिमा शेख यांचाही उल्लेख केला, एकदाही कागद पाहिला नाही. सभागृह गप्प होऊन ऐकत होते. निकालाआधी परीक्षक उठले आणि म्हणाले, "उर्दू माध्यमाची असूनही या मुलीने किती शुद्ध मराठीत भाषण केले, टाळ्या झाल्या पाहिजेत." टाळ्या झाल्या. मग तिन्ही क्रमांक जाहीर झाले आणि चौथे नाव आले, उत्तेजनार्थ. परतीच्या एस.टी.त मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "सगळ्यांत जास्त टाळ्या मलाच पडल्या ना? मग नंबर का नाही आला?" आम्ही बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकलो आहोत. उत्तर देता आले नाही. परीक्षक वाईट माणूस नव्हता, हे आम्ही शपथेवर सांगू. त्याने मनापासून कौतुक केले. पण त्याच्या 'असूनही'मध्येच क्रमांक ठरून गेला होता. टाळ्या परक्यांसाठी असतात, नंबर घरच्यांसाठी.

आता या चष्म्यातून नॅशव्हिलचा हिशेब पाहा. २००९ मध्ये डेरियस रकर जिंकला. बक्षीस कोणते? नवोदित कलाकार. रकरचे वय तेव्हा ४३ होते आणि रॉक बँडमधून त्याचे अल्बम कोट्यवधींनी खपून गेले होते. नियमाने तो कंट्रीत नवा होता हे मान्य, तरी आम्हाला हसू आवरले नाही. प्राइडनंतर वैयक्तिक बक्षीस मिळालेला हा पहिला काळा गायक, आणि मधे सदतीस वर्षे. २०१९ मध्ये लिल नास एक्स या पोराचे 'ओल्ड टाउन रोड' हे गाणे घोड्याच्या टापांसारखे देशभर गेले. बिलबोर्ड या मासिकाने ते आपल्या कंट्री गाण्यांच्या यादीतून मार्चमध्ये काढून टाकले, कारण आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे घटक त्यात नाहीत! त्यानंतर बिली रे सायरस या गोऱ्या कंट्री गायकाने त्यात आवाज मिसळला, आणि गाणे सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. असोसिएशनने त्या वर्षी बक्षीस दिले ते दोघांच्या एकत्रित सादरीकरणाचे. हात धरून आणलेल्या पोराला बसायला जागा मिळते, तसे.

सगळ्यात बोलकी गोष्ट २०२३ ची. ट्रेसी चॅपमन या काळ्या गायिकेने 'फास्ट कार' हे गाणे स्वतः लिहून १९८८ मध्ये गायले होते. गरिबी, दारुडा बाप, दुकानातली नोकरी, पळून जाण्याचे स्वप्न. वर आम्ही कंट्रीचे विषय सांगितले ते पुन्हा वाचा. पण १९८८ मध्ये कोणी त्याला कंट्री म्हटले नाही. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्ज या गोऱ्या गायकाने तेच गाणे गायले, शब्दही जवळजवळ तेच ठेवले, आणि ते कंट्री झाले. त्या वर्षी 'साँग ऑफ द इयर' हे गीतकाराचे बक्षीस चॅपमनला मिळाले. ते मिळवणारी ती पहिली काळी गीतकार. ती सोहळ्याला गेली नाही, आभाराचा निरोप पाठवला. कोम्ब्जवर आमचा राग नाही. लहानपणी बापाबरोबर ऐकलेले गाणे त्याने प्रेमाने गायले आणि मंचावरून तिचे आभार मानले. प्रश्न त्याचा नाही. पस्तीस वर्षांत गाण्यात काय बदलले? गाणाऱ्याचा चेहरा. एवढे शुद्ध प्रात्यक्षिक आमच्या विज्ञानाच्या सरांनाही प्रयोगशाळेत जमले नसते: बाकी सर्व घटक स्थिर ठेवा, एकच बदला आणि निकाल नोंदवा.

आता बियॉन्से. २ नोव्हेंबर २०१६ ला याच पुरस्कारांच्या पन्नासाव्या सोहळ्यात ती 'डिक्सी चिक्स' या त्रयीबरोबर आपले एक गाणे गायली होती. या तिघींचीही एक कहाणी आहे, वाचकांना ती जवळची वाटेल. मार्च २००३ मध्ये इराकवरच्या हल्ल्याच्या तोंडावर त्यांच्यातल्या मुख्य गायिकेने लंडनच्या मंचावरून राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याबद्दल शरम वाटते असे म्हटले आणि कंट्री रेडिओने त्यांची गाणी वाजवणेच बंद केले. तर अशा बहिष्कृत तिघी आणि ही काळी गायिका. सभागृहातल्या अनेकांनी दाद दिली, पण बाहेर शिव्यांचा पाऊस पडला: हिचे इथे काय काम? बियॉन्से टेक्सासमधल्या ह्यूस्टनची. तिचे काम तिथे नाही तर कोणाचे? पुढे २०२४ मध्ये तिने लिहिले की नवा अल्बम अनेक वर्षांपूर्वीच्या एका अनुभवातून आला, जिथे आपले स्वागत नाही असे तिला जाणवले. तिने सोहळ्याचे नाव घेतले नाही. लोकांनी घेतले.

मार्च २०२४ मध्ये अल्बम आला आणि कंट्री अल्बमांच्या यादीत पहिला गेला. असे करणारी ती पहिली काळी स्त्री. त्यातल्या एका गाण्याने त्याआधीच कंट्री गाण्यांची यादी सर केली होती. आणि नामांकने शून्य.

यावर नॅशव्हिलच्या बाजूने जे बोलले जाते ते आम्ही लपवत नाही. म्हणतात, ती नॅशव्हिलमध्ये येऊन उठली-बसली नाही, रेडिओवाल्यांना भेटली नाही, सभासदांच्या दारात गेली नाही. तिने स्वतःच म्हटले की हा कंट्री अल्बम नाही, बियॉन्से अल्बम आहे. मग तक्रार कशाची? शिवाय गाजलेल्या प्रत्येकाला बक्षीस मिळतेच असे नाही. यातले शेवटचे वाक्य आम्हाला मान्य आहे. बक्षीस न मिळणे हा अन्याय नव्हे. पण नामांकनांच्या अख्ख्या यादीत एकदाही नाव नाही, याला निवड म्हणत नाहीत. आणि दारात जाण्याचे म्हणाल तर त्याच वर्षी पोस्ट मलोन हा रॅप आणि पॉपमधून आलेला गोरा गायक एका गाण्याच्या जोरावर चार नामांकने घेऊन गेला. तो नॅशव्हिलच्या लोकांबरोबर काम करून आला, हे खरे. पण त्याने कंट्रीत नुकते पाऊल टाकले होते, आणि त्याच्या कंट्रीपणाचे प्रमाणपत्र त्या मतपेटीने मागितले नाही.

शुद्धतेचा हा वादही जुनाच. १९७४ मध्ये ऑलिव्हिया न्यूटन-जॉन या ऑस्ट्रेलियात वाढलेल्या पॉप गायिकेला सर्वोत्कृष्ट गायिका ठरवले तेव्हा जुने कलाकार चिडून वेगळी संघटना काढायला निघाले होते. १९७५ च्या सोहळ्यात चार्ली रिच या गायकाने सर्वोच्च बक्षिसाचा लिफाफा फोडला, आत जॉन डेन्व्हरचे नाव पाहिले, आणि मंचावरच लायटरने तो कागद पेटवला. असे का केले यावर तिकडे अजून वाद चालतो. पण कागद जळला तरी डेन्व्हरचे बक्षीस राहिले आणि न्यूटन-जॉनचेही. म्हणजे बाहेरचा माणूस या घरात येऊ शकतो, रुसवेफुगवे होतात आणि पंगत पुढे चालू होते. ही सवलत कोणाला मिळते आणि कोणाला नाही, तेवढेच आम्ही विचारतो आहोत.

२०२४ ची ती रात्र, २० नोव्हेंबर. सर्वोच्च मान मॉर्गन वॉलनला मिळाला. तो सोहळ्याला हजर नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये याच गायकाचा काळ्यांना उद्देशून वापरली जाणारी सर्वात हलकी शिवी देतानाचा व्हिडिओ बाहेर आला होता. त्याने माफी मागितली. असोसिएशनने त्या वर्षी त्याला वैयक्तिक बक्षिसांतून वगळले, अल्बमचे नामांकन मात्र ठेवले. माणूस चुकतो, तौबा करतो, त्याला माफी मिळावी. आमचा धर्म आणि आमचा पेशा दोन्ही हेच शिकवतात. आम्ही वॉलनला जन्मभर वर्गाबाहेर उभा करा म्हणत नाही. पण तीन वर्षांत बाकावरून उठवून मॉनिटर करणाऱ्या संस्थेला बियॉन्सेच्या बाबतीत मात्र अजून ओळख पटत नाही, हे आम्हाला नोंदवावेसे वाटते.

त्याच रात्री शबूझी नावाचा गायक दोन नामांकने घेऊन बसला होता. नायजेरियातून आलेल्या आईबापांचा, व्हर्जिनियात वाढलेला मुलगा. त्याचे गाणे त्या वर्षी देशाच्या मुख्य यादीत १९ आठवडे पहिले होते. बक्षीस मिळाले नाही, ते जाऊ द्या. पण मंचावरून त्याच्या नावावर पुन्हा पुन्हा कोट्या झाल्या. विजेत्यांनीही केल्या. आता या नावाची कथा ऐका. मुलाचे आडनाव चिबुएझे. शाळेत फुटबॉलच्या प्रशिक्षकाला ते धड लिहिता-बोलता येईना, त्याने त्याचे शबूझी केले. मुलाने ते मोडके नावच उचलून आपली ओळख केली. आणि मग त्या मोडक्या नावावर मोडणारेच हसले.

इथे आम्हाला दहावीच्या परीक्षेचे फॉर्म आठवतात. आमच्या पोरांची नावे कागदोपत्री काय काय होतात हे वाचकांना सांगायला नको. एका मुलाच्या तीन कागदांवर तीन नावे, आणि दुरुस्तीसाठी बापाची मजुरी बुडवून हेलपाटे. शेवटी बाप म्हणतो, "राहू द्या सर, जे लिहिलंय तेच नाव."

आता सल्ला येतो: मग तुमचे वेगळे काढा ना! अमेरिकेतल्या काळ्या कंट्री कलाकारांना हा सल्ला कोणी देण्याआधीच त्यांनी २०२१ मध्ये 'ब्लॅक ऑप्री' नावाने आपले व्यासपीठ उभे केले आहे आणि ते उत्तम चालते. आपणही १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवले. हा वार्षिकांकही त्याच वाटेवरचा. स्वतःची ओसरी असलीच पाहिजे, तिथे 'असूनही' न ऐकता बोलता येते. पण ओसरी बांधली म्हणजे वाड्यावरचा हक्क सोडला असे नव्हे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला तो कुठल्या वेगळ्या मराठीत? सगनभाऊंची लावणी, संयुक्त महाराष्ट्रासाठी गल्लोगल्ली डफ वाजवणारे शाहीर अमर शेख, हे उत्तेजनार्थ गटातले आहेत काय? डीफोर्ड बेलीने कंट्रीत प्रवेश मागितला नव्हता. ज्या कार्यक्रमात कंट्री घडत होते त्यात तो वाजवत होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'काउबॉय कार्टर'ला ग्रॅमीचे सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचे बक्षीस मिळाले आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणूनही. आमच्या तरुण सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटायचेच बाकी ठेवले. आम्हालाही आनंद झाला. पण ते दुसऱ्या घराचे बक्षीस. नॅशव्हिलची मतपेटी जिथे होती तिथेच आहे.

इथवर लिहून आम्ही लेख संपवणार होतो. मग एक गोष्ट आठवली आणि ती न लिहिता हा लेख देणे बेइमानी झाली असती.

चार वर्षांपूर्वी आमच्याच शाळेत नज्म-ख्वानीची स्पर्धा होती. परीक्षक आम्ही. सहावीतला एक मुलगा, बाप हमाली करतो, घरी दखनी बोलतात. त्याने नज्म अशी म्हटली की मागच्या बाकावरची गोंधळी पोरेही शांत झाली. पण त्याचा 'क़ाफ' साफ नव्हता. 'क़ौम'चे 'खौम' झाले, 'क़लम'चे 'खलम'. आम्ही तलफ्फुजच्या रकान्यात गुण कापले. मग मंचावर उभे राहून काय बोललो? बोललो की, दखनी घराण्यातला असूनही या मुलाने किती सुंदर उर्दू म्हटली, तालियाँ! आणि त्याला हौसला-अफजाईचे इनाम दिले. आमच्या स्वतःच्या घरात 'हौ' आणि 'नक्को'च चालते. आमची अम्मी मरेपर्यंत 'खलम'च म्हणत होती. ज्या दखनीत उत्तरेच्या कितीतरी आधी दरबारातून शायरी झाली तिचे पोर आमच्यासमोर उभे होते, आणि आम्ही त्याचा फोटो न पाठवता तबकडी पाठवत होतो.

या वर्षी गॅदरिंगच्या बैठकीत आम्ही विषय मांडला: उत्तेजनार्थ क्रमांक बंद करावा आणि तलफ्फुजचा रकाना परीक्षकाच्या तक्त्यातून काढावा. रकान्यावर बराच वाद झाला. उर्दूच्या ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, "मग उर्दू राहील कशी?" तो प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. उत्तेजनार्थाबद्दल मुख्याध्यापक म्हणाले की प्रमाणपत्रे मागच्या वर्षीच जास्तीची छापून आणली आहेत, चाळीस-पन्नास शिल्लक आहेत, ती संपेपर्यंत तरी चालू द्या.